रोलरवरची ताकद, घाटातली ताकद

ज्या घरात ट्रक आहे त्या घरात सध्या एक प्रस्ताव फिरतो आहे. कधी तो गॅरेजमधून येतो, कधी ट्रान्सपोर्ट नगरातल्या चहाच्या टपरीवरून, तर कधी नुकताच कामाला लागलेला घरातलाच मुलगा तो अब्बांपुढे मांडतो. लॅपटॉप जोडायचा, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला 'मॅप' बदलायचा, आणि तासाभरात गाडीची ताकद वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढते. शिवाय डिझेलही वाचते. पुरावा म्हणून एक कागद दाखवला जातो. त्यावर दोन रेषा असतात, खालची आधीची आणि वरची नंतरची. हा कागद ज्या यंत्रातून निघतो त्याचे नाव डायनॅमोमीटर. गॅरेजातली मंडळी नुसते 'डायनो' म्हणतात.

आपल्या समाजातली कितीतरी घरे चाकांवर चालतात. कुणाचा एक ट्रक, कुणाचे तीन. कुणी ड्रायव्हर, कुणी फिटर, कुणाचे पंप-नोझलचे दुकान, कुणाचे टर्बो दुरुस्तीचे. ट्रकचा हप्ता, मुलांची फी आणि घरखर्च एकाच भाड्यातून निघत असेल तर इंजिनात केलेला बदल हा गॅरेजपुरता प्रश्न राहत नाही. म्हणून हा कागद वाचायचा कसा, आणि तो काय सांगतो व काय लपवतो, हे आम्ही जरा सविस्तर मांडत आहोत.

डायनो म्हणजे तराजूच. फक्त त्यावर धान्याऐवजी ताकद तोलली जाते. १८२१ साली फ्रान्समधल्या गास्पार द प्रोनी या इंजिनिअरने फिरत्या दांड्याभोवती लाकडी ब्रेक आवळून, त्याला लांब दांडी आणि वजन लावून इंजिनाचा जोर मोजला. १८७७ साली इंग्लंडच्या विल्यम फ्रूडने लाकडाऐवजी पाण्याचा अवरोध वापरला. तत्त्व आजही तेच आहे. इंजिन किती जोराने पिळते आहे, म्हणजे टॉर्क, आणि मिनिटाला किती फेरे घेते आहे, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे ताकद. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले फेरे, भागिले ९५४९ केले की किलोवॅट मिळतात. १८०० फेऱ्यांवर ७०० न्यूटन-मीटर असतील तर १३२ किलोवॅट, म्हणजे जवळपास १८० अश्वशक्ती.

१८० हा आकडा ट्रकवाल्यांच्या घरात मुलेही ओळखतात. टाटाच्या गाड्यांची नावे त्यावरूनच पडली. 'सोळा-तेरा' म्हणजे एकूण सोळा टन आणि १३० अश्वशक्ती. 'पंचवीस-अठरा' म्हणजे पंचवीस टन आणि १८०. गाडीच्या नावातच तिचे वजन आणि तिचा जोर लिहिलेला. हे नाव बदलावे, अठराच्या जागी बावीस यावेत, एवढाच त्या लॅपटॉपवाल्याचा दावा असतो.

रोलरवर काय घडते

चाचणीची पद्धत पाहिली की कागद समजायला सोपा जातो. गाडीची मागची चाके जमिनीत बसवलेल्या जाड पोलादी रोलरवर चढवतात. चेसिस पट्ट्यांनी आणि साखळ्यांनी चारी बाजूंनी बांधतात. समोर मोठा पंखा लावतात, कारण गाडी जागेवर असते आणि रेडिएटरला रस्त्यावरचा वारा मिळत नाही. सायलेन्सरच्या तोंडाला धूर बाहेर नेणारा पाइप जोडतात. इंजिन चांगले तापल्यावर, ज्या गिअरमध्ये इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट सारख्याच वेगाने फिरतात तो गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात. चाके रोलर फिरवतात, कॉम्प्युटर रेषा काढतो. साध्या प्रकारच्या डायनोवर हे सगळे दहा-पंधरा सेकंदांत संपते.

रोलर दोन प्रकारचे असतात, आणि हा फरक विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका प्रकारात रोलर नुसता जड असतो; तो किती लवकर वेग घेतो यावरून ताकद काढतात. दुसऱ्या प्रकारात रोलरला विजेचा किंवा पाण्याचा ब्रेक असतो. तो इंजिनाला एका ठरावीक वेगावर, पूर्ण लोडखाली, पाच मिनिटे, दहा मिनिटे धरून ठेवू शकतो. कार आणि पिकअपसाठी पहिला प्रकार चालून जातो. मालट्रकचे खरे वजन मात्र दुसऱ्यावरच कळते. पूर्ण भरलेल्या ट्रकच्या ॲक्सलला पेलणारे असे रोलर वाहन कंपन्यांकडे आणि पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत असतात. गल्लीतल्या गॅरेजात नसतात. त्यामुळे बहुतेक ट्रकांचा मॅप कोणताही रोलर न पाहताच, यार्डात उभ्या गाडीत बदलला जातो आणि दाखवलेला कागद भलत्याच गाडीचा असतो. हे ऐकून राग येईल, पण आधी तेवढेच विचारून पाहा: हा कागद माझ्या गाडीचा आहे का?

समजा कागद आपल्याच गाडीचा आहे. तरी त्यावरचा आकडा कुठला, हा प्रश्न उरतो. रोलर चाकांवरची ताकद मोजतो. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर मिळून इंजिनाच्या ताकदीतला साधारण सहावा-सातवा हिस्सा खातात. म्हणून १८० च्या इंजिनाचे चाकांवर दीडशेच्या आसपास दिसणे हे निरोगी गाडीचे लक्षण आहे. काही ठिकाणी ऑपरेटर अंदाजाने टक्केवारी मिळवून 'इंजिनाची' ताकद छापतो. आधीच्या रेषेत ती मिळवली नाही आणि नंतरच्या रेषेत मिळवली, तर लॅपटॉपला हात न लावताच गाडी 'वाढते'.

दुसरी गोम हवेची. उंचावर हवा विरळ असते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के कमी. हा फरक भरून काढायला डायनोचा कॉम्प्युटर आकडा वाढवून दाखवतो. टर्बो नसलेल्या इंजिनासाठी ते योग्यच आहे. पण टर्बो स्वतःच हवा दाबून आत ढकलतो आणि उंचीचा बराच तोटा भरून काढतो. त्यावर पुन्हा पूर्ण वाढ दिली की फुकटची अश्वशक्ती कागदावर उतरते. तिसरी गोम सर्वांत साधी. पहिली चाचणी बंदिस्त शेडमध्ये, टायरात हवा कमी, एअर फिल्टर धुळीने माखलेला. दुसरी चाचणी फिल्टर बदलून, पंखा वाढवून, सकाळच्या गारव्यात. रेषा वर जाणारच.

कुरआनात माप-तोलात कमी देणाऱ्यांच्या नावाने एक संपूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन, आणि सूरह रहमानमध्ये मीजानची, तराजूची ताकीद आहे, हे आपल्या घरातल्या मुलांनाही पाठ असते. बाजारातला काटा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. रोलरही काटाच आहे. आधीच्या आणि नंतरच्या चाचण्या एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये, टायरात तेवढीच हवा ठेवून, किमान तीन-तीन वेळा करून मागण्यात कसलाही संकोच नको.

डिझेलला ताकद कुठून येते

पेट्रोलच्या इंजिनात हवा किती आत घ्यायची ते ॲक्सिलरेटर ठरवतो. डिझेलमध्ये हवा जेवढी येईल तेवढी येते. ताकद ठरते ती आत फवारलेल्या डिझेलवरून. रुडॉल्फ डिझेलच्या ज्या इंजिनाची फेब्रुवारी १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे ब्रेकवर अधिकृत चाचणी झाली, ते मिनिटाला १५४ फेरे घेत १८ च्या आतबाहेर अश्वशक्ती देत होते, आणि जळालेल्या इंधनापैकी २६.२ टक्के उष्णतेचे काम करत होते. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही जमत नव्हते. आजचे चांगले ट्रक इंजिन चाळीस टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे जाते. बाकीची उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरवाटे निघून जाते.

आता ताकद वाढवायची म्हणजे तीन-चार गोष्टी हलवायच्या: नोझलमधून डिझेल जास्त सोडायचे, ते थोडे लवकर सोडायचे, रेलमधला दाब वाढवायचा आणि टर्बोला जास्त हवा दाबायला लावायची. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या काळात हेच काम पंपाचे सील तोडून, स्क्रू फिरवून होत असे. आमच्या पिढीला ते उस्ताद आठवतात. कान लावून पंप 'ऐकणारे'. आज स्क्रूची जागा आकड्यांच्या तक्त्यांनी घेतली, म्हणून 'मॅप' हा शब्द आला. मूळ व्यवहार बदललेला नाही. वाढलेली प्रत्येक अश्वशक्ती म्हणजे दर मिनिटाला जाळलेले जास्तीचे डिझेल.

मग 'ॲव्हरेजही वाढते' हा दावा निव्वळ खोटा का? अगदीच नाही. डिझेल थोडे लवकर फवारले तर ज्वलन सुधारते आणि काही टक्के इंधन वाचू शकते. पण मग ज्वालेचे तापमान वाढते आणि नायट्रोजन ऑक्साइड नावाचे विषारी वायू जास्त तयार होतात. म्हणूनच कंपन्यांनी जुन्या मॉडेलमध्ये फवारा मुद्दाम उशिरा ठेवला होता. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-सहाच्या गाड्यांत हे वायू नंतर युरियाच्या द्रावणाने मारले जातात, त्यामुळे कंपनीने स्वतःच फवारा बराचसा फायद्याच्या जागी आणून ठेवलेला असतो. लॅपटॉपवाल्याला उचलायला तिथे फारसे उरलेले नाही.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि सिलिंडरमध्ये मिसळायला वेळ थोडा म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त लागते. डिझेल वाढवले आणि हवा तेवढी वाढली नाही की काळा धूर येतो. 'गाडी धूर मारते म्हणजे ताकद आहे' असे अजूनही बोलले जाते. तो धूर म्हणजे पंपावर पैसे मोजून घेतलेले, पण न जळालेले डिझेल.

धूर निदान दिसतो. उष्णता दिसत नाही. १८० ची गाडी २१६ ची केली, तर वाढलेल्या ३६ अश्वशक्तीबरोबर सुमारे ४० किलोवॅट जादा उष्णता इंजिनाला बाहेर टाकावी लागते. घरातले दोन किलोवॅटचे वीस गिझर एकदम चालू केल्यासारखे. त्यासाठी रेडिएटर तोच, पंखा तोच, ऑइल तेच. जाणकार ट्यूनर टर्बोच्या आधी, सायलेन्सरच्या वाटेवर तापमापक बसवतात आणि ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास लाल रेषा ओढतात. बहुतेक पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. पिस्टन तग धरतो तो खालून उडणाऱ्या ऑइलच्या पिचकारीमुळे आणि रिंगांमधून निघून जाणाऱ्या उष्णतेमुळे. पण त्यालाही वेळेची मर्यादा आहे.

एकच इंजिन, दोन देश

ही वेळेची मर्यादा समजायला अमेरिकेतले एक उदाहरण पाहू. तिथे डिझेल ट्यूनिंगचा मोठा धंदा उभा राहिला आणि डायनोच्या स्पर्धा भरू लागल्या. त्याला मोठी चालना मिळाली १९८९ साली, डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले तेव्हा. ताकद १६० अश्वशक्ती. लोकांच्या लक्षात आले की हे इंजिन मुळात जड कामासाठी बांधलेले आहे, त्यात भरपूर जागा शिल्लक आहे. पंपातली एक छोटी पट्टी घासून, नोझल बदलून आकडे दुप्पट झाले. पुढे स्पर्धेतल्या गाड्या २००० अश्वशक्तीच्याही पलीकडे गेल्या. रोलरवरच ब्लॉक फुटून आग लागल्याचे प्रसंगही तिथे घडले.

हे कमिन्स आपल्याला परके नाही. पुण्यात कोथरूडला १९६२ पासून किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. १९९३ साली टाटांबरोबर जमशेदपूरला भागीदारी झाली, पुढे आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणलाही कारखाना आला. आणि तेच ५.९ लिटरचे कुटुंब टाटाच्या ट्रकमध्ये धावू लागले. म्हणून इथला लॅपटॉपवाला छातीठोक सांगतो: 'अमेरिकेत हेच इंजिन ५०० ला चालते, तुम्ही २२० ला का घाबरता?'

उत्तर वजनात आहे. तिथली पिकअप रिकामी तीन टनांच्या आसपास. तिला पूर्ण ताकद लागते सिग्नल सुटल्यावर सात-आठ सेकंद, फार तर ओव्हरटेक करताना. बाकी वेळ इंजिन आराम करते आणि थंड होते. आपला पंचवीस टनांचा ट्रक घाटाच्या पायथ्याला ॲक्सिलरेटर दाबतो आणि माथ्यावर पाय उचलतो. मधली वीस मिनिटे पिस्टन, टर्बो, हेड गॅस्केट आणि क्लच प्लेट यांना उसंत नसते. दहा-पंधरा सेकंदांच्या रोलरवर जे तापमान वर यायलाच वेळ मिळाला नाही, ते पाचव्या मिनिटाला घाटात भेटते. शिवाय कंपनी एकच ब्लॉक वेगवेगळ्या ताकदीला विकते तेव्हा कधी फक्त मॅप वेगळा असतो हे खरे आहे, पण पुष्कळदा पिस्टन, टर्बो, नोझल, रेडिएटर आणि पुढचा गिअरबॉक्सही वेगळा असतो. कोणत्या गाडीत काय आहे हे पार्ट नंबर ताडून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पार्ट नंबर ताडणारा लॅपटॉपवाला विरळा.

एवढे करून मिळते काय, याचाही हिशेब मांडू. पंचवीस टन, चाकांवर दीडशे अश्वशक्ती, शंभराला पाचचा चढ. गिअरची अडचण बाजूला ठेवली तर गाडी ताशी २८ किलोमीटरच्या आसपास चढेल. ताकद वीस टक्क्यांनी वाढवली तर साडेतेहतीस. दहा किलोमीटरचा घाट आधी साडेएकवीस मिनिटांत संपत होता, आता अठरा मिनिटांत. वाचली साडेतीन मिनिटे. माथ्यावरच्या टोलनाक्याच्या रांगेत किंवा चहाला याहून जास्त वेळ जातो. उतारावर तर वाढलेल्या ताकदीचा काही उपयोग नाही. ब्रेक जेवढे होते तेवढेच.

आणि खरी भीती तिथेच आहे. 'गाडीत दम आला' की दोन टन जास्त भरायचा मोह होतो. मालक म्हणतो, ड्रायव्हर नाही म्हणू शकत नाही. मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा दंड आहे, पण दंड भरून सुटलेला ट्रक उतारावर ब्रेक तापल्यावर सुटत नाही. घाटाच्या कोपऱ्यावर त्या रात्री ड्रायव्हर आणि क्लीनर असतात, मालक नसतो.

काट्याला ओळखणारी गाडी

डायनोच्या इतिहासातला सर्वांत मोठा घोटाळा गॅरेजवाल्यांनी नव्हे, बड्या कंपनीने केला. गाडी बाजारात येण्याआधी तिचा धूर रोलरवर मोजतात. फोक्सवॅगनच्या डिझेल कारमधला कॉम्प्युटर हे ओळखत असे: चाके फिरताहेत पण स्टेअरिंग हलत नाही, वेग ठरावीक पद्धतीने चढतो-उतरतो, म्हणजे आपण काट्यावर आहोत. तेवढ्यापुरती गाडी स्वच्छ चाले. रस्त्यावर उतरली की तीच गाडी मर्यादेच्या अनेकपट विषारी वायू सोडे. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या गटाने मोजणीचे यंत्र गाडीच्या डिकीत घालून रस्त्यावर मोजले आणि फरक उघडा पडला. सप्टेंबर २०१५ मध्ये ते जगजाहीर झाले. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होते. पुढे कमिन्सवरही अमेरिकेत आरोप झाले. २०१३ ते २०१९ च्या सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअपच्या इंजिनांबाबत कंपनीने १६७.५ कोटी डॉलरचा दंड भरण्याची तडजोड केली. तिथल्या हवा प्रदूषण कायद्याखालचा तो आजवरचा सर्वांत मोठा दंड.

ट्यूनिंगवालेही मागे नव्हते. अमेरिकी पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज दिला की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकण्यात आली होती, आणि त्यांनी सोडलेला जादा वायू म्हणजे रस्त्यावर ९० लाखांहून जास्त गाड्या नव्याने आणल्यासारखे होते.

आपल्याकडे हीच चाल वेगळ्या नावाने येते. बीएस-सहाच्या ट्रकमध्ये युरियाचे द्रावण भरावे लागते, त्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. ते संपले की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कापतो. मग कुणीतरी सांगतो, 'एक छोटा डबा बसवून देतो, कॉम्प्युटरला वाटेल युरिया भरलेला आहे.' किंवा धुराचा फिल्टर तुंबला की तो साफ करण्याऐवजी आतून फोडून टाकतात आणि मॅपमधून त्याचे नावच पुसतात. याला दुरुस्ती म्हणू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलात असा फेरफार करता येत नाही, आणि कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वॉरंटी जाते. अपघातानंतर विमा कंपनीला दावा अडवायला आयते कारण मिळते, तेही हप्ते चालू असताना.

डिझेलचा धूर कर्करोग घडवतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. तो धूर सर्वांत आधी कोण घेतो? गॅरेजातला पोऱ्या, ट्रान्सपोर्ट नगराला लागून असलेल्या वस्तीतली मुले, हायवेच्या कडेच्या मदरशात आणि शाळेत बसलेली मुले. ही वस्ती पुष्कळदा आपलीच असते.

विक्रीचेही एक बोलले पाहिजे. वर्षभर वाढवलेल्या मॅपवर पळवलेला ट्रक विकण्याआधी पुन्हा मूळ मॅपवर आणायचा आणि 'कंपनी फिटिंग' म्हणून विकायचा, असे होते. प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, बोटांना आतली ओल लागली, आणि त्यांनी व्यापाऱ्याला ओले धान्य वर का ठेवले नाही असे विचारले, हा प्रसंग आपण सगळे ऐकत आलो आहोत. मॅप बदलला होता, हे गिऱ्हाइकाला सांगणे म्हणजे ओले धान्य वर ठेवणे. जुना ट्रक घेणाऱ्यानेही टर्बोच्या शाफ्टचा हलका खेळ, सायलेन्सरवर नवा वेल्डिंगचा टाका आणि इंजिनच्या कॉम्प्युटरच्या झाकणावर उघडल्याच्या खुणा पाहून घ्याव्यात.

वाढवण्याआधी हरवलेले शोधा

डायनोविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. उलट आमच्या मते त्याचा सर्वांत चांगला उपयोग नवी ताकद घालण्यात नसून हरवलेली ताकद शोधण्यात आहे. पाच-सहा लाख किलोमीटर पळालेला १८० चा ट्रक चाकांवर दीडशे देत नाही, एकशे वीसच देतो, तेव्हा मॅपवाला बोलावण्यात अर्थ नसतो. एअर फिल्टर तुंबलेला असतो. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज क्लिपपाशी चिरलेला असतो आणि दाबलेली हवा फुसफुसत बाहेर जाते. इंटरकूलरच्या पंखांवर चिखल आणि गवत अडकलेले असते. डिझेल फिल्टर बदलायचा राहिलेला असतो. एखादे नोझल फवारण्याऐवजी ठिबकत असते. ब्रेक पूर्ण सुटत नसतात आणि चाक चिकटून चालते. यातली अर्धी कामे काही शे रुपयांत होतात, त्यासाठी कुठले कलम मोडावे लागत नाही आणि डिझेल खरोखर वाचते.

ज्या मुलांना या यंत्रांची ओढ आहे त्यांनी लॅपटॉपवरून कुणाचा तरी उतरवलेला मॅप भरत बसण्याऐवजी आयटीआयचा मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा कोर्स करावा. दहावीनंतर करता येतो. इंजिन कारखान्यांच्या टेस्ट बेडवर, जिथे नवे इंजिन तासन्‌तास ब्रेकवर धरून तपासतात, असे हात लागतात. पंप ऐकणाऱ्या उस्तादाच्या नातवाला त्या खोलीत काम मिळाले तर आम्हाला आनंदच होईल.

आणि ज्यांच्याजवळ रोलर नाही त्यांच्यासाठी घाट आहे. वजनकाट्याच्या पावतीवरचे टन घ्या. पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक मोबाइलच्या नकाशावर मीटरमध्ये पाहा. एका गतीने, मध्ये न थांबता चढायला लागलेली मिनिटे क्लीनरला मोजायला सांगा. टन गुणिले मीटर, भागिले मिनिटे, आणि आलेल्या उत्तराला साडेचारने भागा. २५ टन, ५०० मीटर, २२ मिनिटे: उत्तर १२६ अश्वशक्ती. ही फक्त वजन वर उचलायला लागलेली ताकद. टायरचे घर्षण आणखी वीसेक खाते, म्हणजे चाकांवर १४६ च्या आसपास, निरोगी गाडी. तारीख घालून वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी त्याच घाटात, तेवढ्याच वजनाला २६ मिनिटे लागली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आधी एअर फिल्टर उघडा, मग टर्बोच्या होजच्या क्लिपा पाहा.